परक्याच्या हातचे पाणी

परक्याविषयीचा पूर्वग्रह ज्या समाजात उघडपणे बोलून दाखवला जातो त्या समाजाच्या दुखण्याचे निदान तरी करता येते. निदान अवघड होते ते, हा पूर्वग्रह सौजन्याच्या वेषात वावरू लागला म्हणजे. धर्मशाळा बांधणारा, अन्नछत्र चालविणारा, दुष्काळात धान्याचे पेव उघडणारा माणूस परक्याचा तिरस्कार करीत नाही, असे सहसा गृहीत धरले जाते. हे गृहीत तपासून पाहिले पाहिजे. देणाऱ्याचा हात वर असतो आणि घेणाऱ्याचा खाली. ज्याला वर्षानुवर्षे दिले त्याच्या हातून एकदा तरी काही घेतले काय, त्याच्या घरचे पाणी, त्याच्या अनुभवातले शहाणपण, त्याच्या तोंडचा शब्द आपल्या जीवनात मुरू दिला काय, हा प्रश्न विचारताच पुष्कळशा औदार्याचा मुलामा उडू लागतो. परक्याला आपले मानल्याची खरी कसोटी त्याला काय दिले यात नाही; त्याच्यापासून काय घेतले यात आहे. ख्रिस्ती विचाराच्या मुळाशीच ही कसोटी आहे. असे असता त्या विचाराचे नाव सांगणाऱ्या संस्था, त्याचा संशय घेणारे शासन आणि त्याच्याकडे कौतुकाने पण दुरूनच पाहणारा मराठी वाङ्मयव्यवहार हे तिघेही या कसोटीला क्वचितच उतरले आहेत. रायपूर आणि त्याच्या परिसराचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास या विधानाची पुरेशी साक्ष देतो.

प्रथम कसोटीचे स्वरूप पाहू जाता लूकच्या शुभवर्तमानातील शोमरोनी माणसाचा दृष्टान्त समोर येतो. हा दृष्टान्त इतका परिचित झाला आहे की त्याची धार बोथट होऊन गेली आहे. रुग्णालयांना आणि सेवासंस्थांना त्यातील 'चांगल्या शोमरोन्या'चे नाव दिले जाते, आणि वाचकाने त्या परोपकारी माणसाप्रमाणे वागावे एवढाच बोध काढला जातो. मूळ कथनाची रचना मात्र निराळी आहे. शोमरोनी हे यहूदी समाजाच्या दृष्टीने भ्रष्ट वंशाचे आणि भ्रष्ट उपासनेचे लोक. गरिज्जीम डोंगरावरचे त्यांचे मंदिर येशूच्या आधी शतकाहून अधिक काळ यहूदी राज्यकर्त्यांनी उद्ध्वस्त केलेले होते. 'माझा शेजारी कोण' असे विचारणारा शास्त्री हा यहूदी होता आणि वाटेवर अर्धमेला होऊन पडलेला माणूसही त्याच्याच बाजूचा समजला जाई. याजक आणि लेवी निघून जातात, आणि ज्याचा स्पर्श एरवी टाळला असता त्या शोमरोन्याच्या हातून त्या जखमी माणसाला तेल, द्राक्षारस, वाहन आणि उतारशाळेतील मुक्कामाचे पैसे स्वीकारावे लागतात. श्रोत्याला या कथेत जागा मिळते ती दात्याची नव्हे. धुळीत पडलेल्या माणसाची. शेवटी येशू त्या शास्त्र्याला उलट प्रश्न करतो, तेव्हा 'शोमरोनी' हा शब्दही त्याच्या जिभेवर येत नाही. ज्याने दया केली तो, असे आडवळणाने तो उत्तर देतो. पूर्वग्रह हृदयातून निघाल्यावरही जिभेवर किती काळ रेंगाळतो याचे इतके सूक्ष्म निरीक्षण जगाच्या वाङ्मयात विरळाच आढळेल.

योहानाच्या शुभवर्तमानातील विहिरीचा प्रसंग हीच गोष्ट अधिक उघडपणे सांगतो. भर दुपारी, प्रवासाने थकलेला येशू सूखार गावाबाहेर याकोबाच्या विहिरीवर बसतो आणि पाणी भरण्यास आलेल्या शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागतो. ती चकित होते, कारण यहूदी माणूस शोमरोन्यांच्या भांड्याला स्पर्श करीत नसे. आणि येशूजवळ तर पाणी शेंदण्यास काहीच साधन नव्हते. म्हणजे पाणी प्यायचे ते तिच्याच भांड्यातून. पुढे त्या दोघांमध्ये जिवंत पाण्याविषयी जो थोर संवाद होतो त्याचे विवेचन पंडितांनी भरपूर केले आहे. पण त्या संवादाची सुरुवात मागण्याने झाली, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. ज्याच्याजवळ देण्यासारखे सर्व काही होते त्याने प्रथम हात पुढे केला. एवढेच नव्हे, तर त्या गावकऱ्यांच्या आग्रहावरून तो त्यांच्याकडे दोन दिवस राहिला. महाराष्ट्रातील वाचकाला या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या भूमीत 1927 साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी माणसांना सत्याग्रह करावा लागला, त्या भूमीत पाणी कोणाच्या हातचे चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही यातच समाजशास्त्राचे सार साठवलेले आहे.

ही कसोटी हाती घेऊन रायपूरकडे वळले असता पहिली गोष्ट दिसते ती ही की, हे शहर बाहेरून आलेल्यांनी घडविलेले आहे. नागपूरकर भोसल्यांच्या भास्करपंतांची स्वारी 1741 साली या मुलखातून गेली. पुढे बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले. 1854 साली नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत छत्तीसगढ या ना त्या स्वरूपात त्या राज्याचा भाग होता. फौजेबरोबर आणि वसुलीबरोबर मराठी कुटुंबे आली. इंग्रजी अमलात कारकुनी, वकिली आणि शिक्षकी यांच्या निमित्ताने आणखी आली. फाळणीनंतर सिंधी आले. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांसाठी रायपूरजवळ माना येथे छावणी उभी राहिली. भिलाईच्या पोलाद कारखान्याने देशाच्या सर्व कोपऱ्यांतून कामगार आणले. छत्तीसगढी बोलीत बाहेरून आलेल्याला 'परदेसिया' म्हणतात. 1 नोव्हेंबर 2000 रोजी रायपूर नव्या राज्याची राजधानी झाले, तेव्हा या शब्दाला राजकीय धारही चढली. राजधानीतील मराठी माणूस हा अशा रीतीने कधी राज्यकर्त्यांचा वंशज ठरतो, तर कधी परदेसिया. पूर्वग्रहाचे दोन्ही टोकांचे अनुभव त्याच्या गाठी आहेत. म्हणून या प्रश्नावर बोलण्याचा त्याला अधिकार आहे, आणि त्याच कारणाने त्याची जबाबदारीही मोठी आहे.

या समाजातील जी माणसे आज आदराने आठवली जातात ती कोणती? जानेवारी 1900 मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक निघाले. त्याचे संपादक माधवराव सप्रे व रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामनराव लाखे. तिघेही मराठी घरातले. सप्र्यांनी 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हिंदीत नेले, हे देणे झाले. परंतु त्याआधी त्यांनी या भूमीची भाषा घेतली, ती आपल्या विचाराची भाषा केली आणि तिच्या पत्राला या प्रदेशाचे नाव दिले. पुढे राजनांदगावच्या महाविद्यालयात 1958 पासून अध्यापन करणारे गजानन माधव मुक्तिबोध हेही मराठी घरातले. त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत राहिले आणि गजानन माधवांनी हिंदी कवितेचा प्रवाह बदलून टाकला. ही माणसे छत्तीसगढात परकी राहिली नाहीत, याचे कारण त्यांनी या भूमीवर उपकार केले हे नव्हे. भोसल्यांच्या सुभेदारांनीही देवळांना देणग्या दिल्या असतील. त्यांच्या नावाने कोणाचे डोळे पाणावत नाहीत. सप्रे आणि मुक्तिबोध या भूमीचे ऋणी झाले, आणि ऋणी होणे हीच आपलेपणाची खूण आहे.

ख्रिस्ती धर्मप्रसारकांचा इतिहास या कसोटीवर लावून पाहणे अधिक क्लेशकारक आहे; पण ते टाळता येत नाही. ऑस्कर लोर हा जर्मन पाद्री प्रथम रांचीच्या परिसरात काम करीत होता. 1857 च्या उठावात त्याला तेथून निघावे लागले. अमेरिकेत काही वर्षे काढून तो तेथील जर्मन मंडळ्यांच्या वतीने 1868 साली रायपूरला आला आणि सतनामी समाजात काम करावयाचे ठरवून त्याने विश्रामपूर वसविले. शाळा, दवाखाने, अनाथाश्रम, कुष्ठरोग्यांची शुश्रूषा, शतकाच्या अखेरच्या भीषण दुष्काळांतील मदत, हे सारे कार्य नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई त्यांच्या मुलांना पाटी-पुस्तक हाती देणारी माणसे साता समुद्रांपलीकडून यावी लागली, ही गोष्ट शेजारच्या गावांतील सवर्णांना लाजविणारीच आहे.

तथापि एक प्रश्न उरतो. सतनामी समाज लोरच्या आगमनाची वाट पाहत रिकाम्या मनाने बसलेला नव्हता. गिरौदपुरीच्या गुरू घासीदासांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मूर्तिपूजा आणि जातिभेद नाकारून निराकार सतनामाची उपासना सांगितली होती. मांस, मद्य आणि असत्य यांचा त्याग करण्यास शिकवून त्यांनी तुडविल्या गेलेल्या माणसांना ताठ मानेने उभे केले होते. म्हणजे ज्या समतेचा उपदेश करण्यास मिशन आले होते तिचे एक स्वतंत्र, स्वकष्टार्जित आणि देशी रूप तेथे आधीच नांदत होते. प्रसारकांनी सतनामाकडे पाहिले ते मुख्यतः ख्रिस्तधर्माची पूर्वतयारी म्हणून. जणू घासीदासांनी अर्धवट सोडलेले वाक्य पुरे करण्यासाठी त्यांना धाडले होते. घासीदासांपासून आपल्यालाही काही शिकावयाचे आहे, ही भावना त्या व्यवहारात फारशी आढळत नाही. विश्रामपूरला तर मिशन स्वतःच जमिनीचे मालगुजार होते. पाद्री साहेब हा एकाच वेळी गुरू, दाता, न्यायाधीश आणि जमीनमालक. अशा व्यवस्थेत प्रेम असू शकते, आणि ते होतेही. पण त्या प्रेमाला पाणी मागण्याची सवय नव्हती. विहीर त्याचीच होती. सौरभ दुबे यांच्यासारख्या इतिहासकारांनी या मंडळ्यांचा जो अभ्यास केला आहे त्यातून असे दिसते की, धर्मांतरितांनी जुन्या नात्यागोत्याच्या आणि खाण्यापिण्याच्या पुष्कळ रीती नव्या धर्मात आपल्या पद्धतीने टिकवून धरल्या. प्रसारकांना यात अपुरे धर्मांतर दिसले. वस्तुतः ज्याचे काहीही घेतले जात नाही तो माणूस आपले थोडेफार जपून ठेवणारच.

मार्कच्या शुभवर्तमानात सुरफुनीकी स्त्रीची कथा आहे. परजातीच्या या बाईला येशू प्रथम कठोर उत्तर देतो. ती त्याच्याच उपमेचा धागा धरून असे प्रत्युत्तर करते की, त्या शब्दासाठी तो तिची मागणी मान्य करतो. प्रत्यक्ष ख्रिस्ताने परक्या बाईचा शब्द घेतला. त्याच्या नावाने जगभर गेलेल्या पंडित पाद्र्यांना परक्यांचा शब्द घेणे इतके जड का जावे?

मिशनच्या या दोषाकडे बोट दाखवून ज्यांनी पुढे कायदे केले त्यांची मनोवृत्ती मात्र वेगळी होती काय? जुन्या मध्य प्रदेश सरकारने 1954 साली न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली आणि 1956 साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. धर्मांतराचा मुख्य हेतू बाळगणाऱ्या परदेशी प्रसारकांनी देश सोडावा, अशी त्याची दिशा होती. 1968 साली मध्य प्रदेशाने धर्मस्वातंत्र्याच्या नावाने कायदा केला. बळ, प्रलोभन वा कपट यांनी केलेले धर्मांतर गुन्हा ठरले आणि धर्मांतराचा विधी करणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यास खबर देणे आवश्यक झाले. छत्तीसगढ वेगळे झाल्यावर हा कायदा त्याच्याकडे वारशाने आला. या कायद्याखालील सर्वांत गाजलेला खटलाही रायपूरचाच. रायपूरचे रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्यावर खटला भरण्यास बलौदाबाजारच्या उपविभागीय दंडाधिकाऱ्याने मंजुरी दिली. त्यांनी कायद्याच्या वैधतेलाच आव्हान दिले, आणि 17 जानेवारी 1977 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क समाविष्ट नाही.

बळ आणि कपट यांना शिक्षा असावी, याविषयी दुमत नाही. भुकेल्या माणसाच्या श्रद्धेचा सौदा करणारा प्रसारक हा ख्रिस्ताचाच अपराधी होय. परंतु या साऱ्या चर्चेत एक गृहीत दडलेले आहे, आणि ते पूर्वग्रहाचे सर्वांत सुसंस्कृत रूप आहे. गरीब माणूस, आदिवासी, अस्पृश्य मानला गेलेला माणूस स्वतः विचार करून श्रद्धा बदलू शकतो, ही शक्यताच येथे मनापासून मान्य केलेली नाही. त्याने धर्म बदलला म्हणजे कोणीतरी तो बदलविला. त्याला कोणीतरी फसविले. येथे इतिहासाने एक विलक्षण योग जुळवून आणला आहे. ज्या 1956 साली नियोगी समितीचा अहवाल निघाला त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या धम्मदीक्षेच्या सोहळ्यात स्वतः न्यायमूर्ती नियोगी यांनी बौद्ध धर्म स्वीकारला. त्यांना कोणी प्रलोभन दाखविले असेल असे कोणाच्या स्वप्नातही आले नाही, आणि ते योग्यच झाले. विद्वान न्यायाधीशाला विवेक असतो. मग हाच विवेक महानदीकाठच्या शेतमजुराला नसतो, असे कोणत्या आधारावर मानावयाचे? मिशनने त्याला उपदेशाचा विषय मानले, शासनाने संरक्षणाचा. दोघांनाही त्याच्याकडून ऐकून घेण्यासारखे काही आहे असे वाटले नाही.

या वृत्तीची परिणती किती टोकाला जाते ते अलीकडच्या घटनांतून दिसते. रायपूरच्या दक्षिणेस, बस्तरच्या मुलखात, 2022 च्या डिसेंबरात नारायणपूर आणि कोंडागाव जिल्ह्यांतील अनेक ख्रिस्ती आदिवासी कुटुंबांना गावे सोडावी लागली. 2 जानेवारी 2023 रोजी नारायणपूर शहरातील चर्चची मोडतोड झाली. 7 जानेवारी 2025 रोजी बस्तर जिल्ह्यातील छिंदवाडा गावच्या एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे निधन झाले. गावच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यास विरोध झाला. मुलगा उच्च न्यायालयात गेला, तेथे दाद लागली नाही. मग तो सर्वोच्च न्यायालयात गेला. तोवर देह शवागारात पडून होता. 27 जानेवारीला दोन न्यायमूर्तींचा मतभेद झाला. न्यायमूर्ती नागरत्ना यांच्या मते दफन कुटुंबाच्या स्वतःच्या जमिनीत व्हावे. न्यायमूर्ती सतीशचंद्र शर्मा यांच्या मते ते ख्रिस्ती समाजासाठी राखलेल्या जागीच व्हावे. प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तीकडे पाठविल्यास देहाची आणखी विटंबना होईल म्हणून वीसहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या करकापाल येथील ख्रिस्ती दफनभूमीत अंत्यविधी करण्याचा आदेश झाला.

या प्रकरणात 'बाहेरचा' कोण होता? तो माणूस परप्रांतातून आला नव्हता. त्याचे घर, त्याची जमीन, त्याची भाषा, त्याचे पूर्वज त्याच गावचे. परका हा नेहमी दुरूनच येतो असे नाही. तो घरातल्या घरात निर्माण करता येतो. ज्या मातीने त्याला पोसले त्या मातीने त्याचा देह घ्यावयाचा नाही, असे ठरले की माणूस परका होतो. येथेही प्रश्न घेण्याचाच आहे. कर त्याच्याकडून घेतला जातो, मत घेतले जाते, मजुरी घेतली जाते. फक्त मृतदेह घेतला जात नाही.

गावकऱ्यांची बाजू मात्र ऐकून घेतली पाहिजे. ती न ऐकता केलेला निषेध हा त्यांच्याविषयीचा पूर्वग्रहच ठरेल. गावची दफनभूमी ही केवळ जागा नसते. पूर्वजांशी आणि ग्रामदेवतेशी जोडलेली ती एक पवित्र व्यवस्था असते. ख्रिस्ती झालेली कुटुंबे गावच्या सणाची वर्गणी देत नाहीत, देवाचा प्रसाद घेत नाहीत, सामुदायिक विधीपासून दूर राहतात. मग मरणानंतर गावाचा वाटा कसा मागतात, असा त्यांचा सवाल असतो. हा सवाल पोकळ नाही. परक्याच्या हातचे घ्यावे ही कसोटी जर खरी असेल तर ती ख्रिस्ती माणसालाही लागू आहे. शेजाऱ्याच्या घरचा प्रसाद बाटलेला म्हणून झिडकारणारा ख्रिस्ती माणूस सोवळ्याचेच नवे प्रकरण सुरू करीत असतो. मूर्तीपुढे ठेवलेल्या अन्नाचा प्रश्न पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रातही आला आहे. अन्न माणसाला देवाच्या जवळ नेत नाही की दूर लोटत नाही, अशी त्याची मूळ भूमिका आहे. वर्ज्य करावयाचे ते दुसऱ्याच्या दुबळ्या विवेकाला ठेच लागू नये म्हणून, शेजाऱ्याला हिणविण्यासाठी नव्हे. श्रद्धेपोटी विधीपासून दूर राहणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. शेजाऱ्याच्या देवाची टवाळी करणे हा तो हक्क नव्हे. एवढे मान्य करूनही एक भेद उरतोच. प्रसाद नाकारणारा आपले ताट वेगळे करतो. मृताला माती नाकारणारा दुसऱ्याचे माणूसपण वेगळे करतो. पहिल्या उणिवेची भरपाई दुसऱ्या क्रौर्याने होत नाही.

ख्रिस्ती समाजाने आपल्या बाजूने या गोष्टीचा विचार करताना आणखी एक जुने पाप विसरू नये. जातीच्या भिंती चर्चच्या दाराशी थबकल्या नाहीत. त्या आत शिरल्या. दक्षिणेत कित्येक ठिकाणी दलित ख्रिस्त्यांना बसावयास वेगळी जागा आणि पुरावयास वेगळी भूमी दिली गेली. भारतातील कॅथलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेने 2016 साली दलितांविषयीचे धोरण जाहीर करताना चर्चमध्ये अस्पृश्यता नांदते हे स्वतःच मान्य केले. ही कबुली स्वागतार्ह होती; पण सोळाव्या शतकापासून चालत आलेल्या गोष्टीची कबुली एकविसाव्या शतकात दिली गेली, हेही विसरता येत नाही. इकडे 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता ठेवला. 1956 साली तो शिखांना आणि 1990 साली बौद्धांना मिळाला. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान मात्र बाहेरच राहिले. एकाच माणसाला चर्चमध्ये तो दलित आहे म्हणून मागे बसविले जाते आणि सरकारी कार्यालयात तो ख्रिस्ती आहे म्हणून दलित मानले जात नाही. दोन्ही दारे एकाच माणसाच्या तोंडावर बंद होतात. छिंदवाड्याच्या दफनभूमीविषयी न्याय मागणाऱ्या चर्चने आपल्या दफनभूमीतील भिंती आधी पाडल्या, तरच त्या मागणीला नैतिक बळ येईल.

उरला प्रश्न मराठी साहित्याचा. आणि एखाद्या साहित्यविषयक ग्रंथाच्या वाचकाला तोच सर्वांत जवळचा वाटला पाहिजे. मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाचे नाते या प्रदेशाशी अनपेक्षित रीतीने जुळलेले आहे. नारायण वामन टिळक राजनांदगावकडे जात असता आगगाडीच्या डब्यात एका अनोळखी युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती 'नवा करार' दिला. टिळकांनी तो वाचण्यास घेतला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. परक्याच्या हातून पुस्तक घेण्याच्या त्या एका साध्या कृतीतून मराठीला काय मिळाले? अभंगांच्या वळणाने लिहिलेली ख्रिस्तभक्ती मिळाली, 'ख्रिस्तायना'चा आरंभ मिळाला, आणि लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' मिळाले. लक्ष्मीबाईंचे हे पुस्तक म्हणजे सोवळे कसे सुटते याचे मराठीतील सर्वांत प्रांजळ निवेदन आहे. नवऱ्याच्या धर्मांतराने उद्ध्वस्त झालेली ही बाई कोणाच्या उपदेशाने बदलत नाही. कोणाच्या हातचे पाणी चालते हा प्रश्न ती स्वतःशी सोडवते, आणि तो सुटल्यावर बाप्तिस्मा तिच्यासाठी जवळजवळ औपचारिक ठरतो.

मराठी समीक्षेने या दोघांचे काय केले? टिळकांना फुलामुलांचे कवी म्हणून पाठ्यपुस्तकात बसविले आणि त्यांच्या भक्तिरचनेला धर्मप्रचाराच्या कप्प्यात ढकलले. तुकोबांच्या अभंगांतील विठ्ठल वगळून त्यांची समीक्षा करण्याचे धाडस कोणी करणार नाही. टिळकांच्या अभंगांतील ख्रिस्त मात्र सहज वगळला जातो. 1616 साली छापल्या गेलेल्या फादर स्टीफन्सच्या 'ख्रिस्तपुराणा'चे कौतुक होते ते त्यातील मराठीच्या स्तुतीपुरते. परक्या माणसाने मराठीला रत्न म्हटले याचा अभिमान वाटतो. त्या रत्नाच्या कोंदणात त्याने काय बसविले ते पाहण्याची उत्सुकता नसते. ही स्तुती घेणे म्हणजे त्याचा विचार घेणे नव्हे. 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना मिळाले, तेव्हा वसईच्या मातीत जन्मलेल्या आणि जन्मभर मराठीत लिहिलेल्या या माणसाच्या झग्याविषयी तक्रारी झाल्या. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादेमीचा अनुवाद-पुरस्कार आधीच मिळालेला होता. तरीही ते 'आतले' आहेत की 'बाहेरचे' हा प्रश्न विचारला गेला. 1981 साली गंगाधर गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली संमेलन रायपूरला भरले, तेव्हा मराठी भाषेने परप्रांतात आतिथ्य स्वीकारले होते. ज्या भाषेला परक्या अंगणात मंडप घालू दिला जातो तिने आपल्या अंगणात जन्मलेल्याला परका ठरवावे, याहून मोठी विसंगती कोणती?

या लेखनाचा दर्जा दुय्यम आहे म्हणून ते बाजूला पडले, असा युक्तिवाद केला जातो. काही लेखन दुय्यम आहेच. मराठीतील पहिल्या कादंबरीचा मान जिला दिला जातो ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (1857) कलादृष्ट्या ओबडधोबड आहे, हे मान्य करावयास हरकत नाही. पण दर्जाचा निकष एका परंपरेला लावताना तिच्या श्रद्धेलाच उणीव मानावयाचे आणि दुसऱ्या परंपरेला लावताना तिच्या श्रद्धेला उंची मानावयाचे, ही समीक्षा नव्हे. ती सोवळ्यातली पंगत आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याने 'मराठी ख्रिस्ती साहित्य' हा स्वतंत्र कप्पा परीक्षेपुरता पाठ करावा, याऐवजी मराठी भक्तिकाव्याचा विचार टिळकांशिवाय पुरा होतो काय, असा प्रश्न विचारण्यास त्याला शिकविले पाहिजे.

टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस मिशनची नोकरी सोडली आणि 1917 साली साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून तेथे एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. मिशनच्या चौकटीला ती मानवली नाही आणि हिंदू समाजाला ती समजली नाही. 1919 साली टिळक गेले आणि दरबार ओसरला. तरीही विश्रामपूरचे मिशन, बलौदाबाजारची दंडाधिकारी-कचेरी, छिंदवाड्याची दफनभूमी आणि मराठी वाङ्मयाची पंगत या चारही ठिकाणी जे घडले नाही ते घडविण्याचा निदान एक प्रामाणिक प्रयत्न मराठी माणसाच्या नावावर जमा आहे. परक्याचे कल्याण करणारे पुष्कळ झाले, परक्यावर पाळत ठेवणारेही पुष्कळ झाले. त्याच्यापुढे तहानलेला होऊन उभा राहणारा दुर्मिळच. ज्या समाजाला ही तहान ओळखता येत नाही त्याने आपल्या औदार्याचे कितीही हिशेब मांडले तरी त्याची विहीर बंदच समजली पाहिजे.